केप वसाहत : डचांचे आफ्रिकानर कसे झाले

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, आजच्या केप टाऊनच्या आसपास, डचांनी वसवलेला मुलूख म्हणजे केप वसाहत. खरं तर डच ईस्ट इंडिया कंपनीला इथं वसाहत वगैरे नकोच होती, आशियाकडं जाणाऱ्या जहाजांना भाजीपाला, मटण नि गोडं पाणी मिळावं एवढ्यासाठी तिनं १६५२ मध्ये यान फान रीबेकला पाठवलं. पण पगारी नोकरांकडून शेती काही जमेना, मग १६५७ मध्ये काही जणांना नोकरीतून मोकळं करून जमिनी दिल्या आणि तिथून सगळं बदलत गेलं.

हे मोकळे शेतकरी माल विकणार कंपनीलाच, तोही कंपनी ठरवेल त्या भावात, आणि गव्हर्नर विलेम आड्रियान फान देर स्टेल तर स्वतःच मोठी शेती करून त्यांच्या पोटावर पाय देत होता. अ‍ॅडम टास वगैरे शेतकऱ्यांनी हॉलंडला तक्रार धाडली, शेवटी १७०७ मध्ये गव्हर्नरला परत बोलावलं. त्याच वर्षी केप टाऊनजवळच्या स्टेलनबॉश गावात दारू पिऊन दंगा करणारा हेंड्रिक बिबाऊ नावाचा पोरगा अधिकाऱ्यावर ओरडला की मी आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकेचाच माणूस आहे, इथून जाणार नाही. दारुड्याच्या बोलण्याला किती किंमत द्यायची हा प्रश्नच, पण इतिहासकार अजून हा किस्सा सांगतात.

१६८८ च्या सुमारास आलेले फ्रेंच ह्यूगनॉटही, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट, या डच शेतकऱ्यांत मिसळले, कंपनीनं त्यांना मुद्दाम डचांमध्ये विखरून ठेवलं होतं त्यामुळं दोनतीन पिढ्यांत त्यांची फ्रेंच गेली. गुरं घेऊन आत आत सरकणाऱ्या ट्रेकबोअरांना तर हॉलंड सोडा, केप टाऊनही लांबच. त्यांनी तिथल्या मूळच्या खोईखोई लोकांच्या चराऊ जमिनी बळकावल्या आणि त्यांनाच गुराखी म्हणून राबवलं.

सगळ्यात मोठा फरक मात्र गुलामांमुळं पडला, आणि तोच सांगताना लोक आवाज बारीक करतात. इंडोनेशिया, मादागास्कर, मोझांबिक, शिवाय आपल्याकडचा बंगाल आणि मलबार-कोरोमंडल किनारा इथून माणसं विकत आणली जायची. स्वयंपाकघरात नि शेतात हे लोक, खोईखोई आणि मालक मिळून जी डच बोलायचे तिच्यातली क्रियापदांची रूपं झडत गेली, मलाय शब्द घुसले आणि आफ्रिकान्स ही भाषा तयार झाली. केपमधल्या मुसलमानांनी १९व्या शतकात ती अरबी लिपीत लिहिली, मदरशात शिकवली. गोऱ्यांच्या चर्चमध्ये तेव्हा अजून शुद्ध डचच चालायची. दक्षिण आफ्रिकेत सरकारदरबारी आफ्रिकान्सला मान मिळायला १९२५ साल उजाडलं.