गालीलची नाव

इस्रायलमधील गालील (किन्नेरेत) सरोवराच्या वायव्य काठावर, गिनोसार व मिग्दाल यांच्या दरम्यान सापडलेली प्राचीन लाकडी नाव. १९८६ च्या जानेवारीत दुष्काळाने पाणी बरेच मागे हटले, तेव्हा गिनोसारच्या दोन मच्छीमार भावांना गाळात तिची कड दिसली. खिळे, मडकी आणि कार्बन-१४ चाचणी यांवरून तिचा काळ साधारण इ. स. पू. पहिले ते इ. स. पहिले शतक असा ठरतो. ‘येशूची नाव’ हे नाव लोकांनी दिलेले. येशू किंवा त्याच्या शिष्यांशी तिचा संबंध दाखवणारा एकही पुरावा नाही.

उरलेला सांगाडा सुमारे ८.२ मी. लांब, २.३ मी. रुंद. तळ उथळ, म्हणून नाव थेट काठाला लावता येई. चौघे वल्ह्यांवर, एक सुकाणूवर, असे पाच जण ती चालवत असावेत; शीडही होते.

बांधणी भूमध्य समुद्रातल्या जहाजांचीच : आधी फळ्यांचे बाहेरचे कवच, मग आतल्या आडव्या बरगड्या. तळकण्याला (नावेच्या तळाच्या मधल्या लांब लाकडाला) पहिली फळी जोडायची. फळ्यांच्या कडांत समोरासमोर खाचा पाडायच्या, त्यांत ओकच्या लाकडाचे चपटे कुसू (सांधा जोडणारे तुकडे) बसवायचे, दोन्ही फळ्या ठोकून भिडवायच्या आणि कुसवातून आरपार भोक पाडून लाकडी खुंटी मारायची. समोरासमोरच्या खाचा जराशा चुकल्या तरी फळी बसत नाही, म्हणून काम संथ. पाण्यात लाकूड फुगते व सांधा आवळला जातो. कवच पुरेसे उभे राहिले की आत बरगड्या लोखंडी खिळ्यांनी ठोकतात. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या, इ. स. पू. १४ व्या शतकातील उलुबुरुन जहाजातही हाच सांधा आहे.

कसब उत्तम, लाकूड मात्र हाताला लागेल ते. फळ्या बहुतेक देवदाराच्या आणि बरगड्या ओकच्या, पण बोर, खरनूब, विलो धरून एकूण बारा जातींची लाकडे तिच्यात आढळली. तळकण्याचा पुढचा तुकडा देवदाराचा, जुन्या नावेतून काढलेला, मागचा बोरीचा. डागडुजी वारंवार झालेली. शेवटी पुढचा-मागचा खांब आणि डोलकाठी ज्यात रोवतात तो ठोकळा असे कामाचे भाग काढून घेऊन सांगाडा पाण्यात ढकलून दिलेला दिसतो. सुताराचा हिशोब चोख होता!

उत्खनन पुरातत्त्वज्ञ शेली वॉक्समन यांच्या नेतृत्वाखाली ११ दिवस, रात्रंदिवस चालले, कारण पाणी पुन्हा चढू लागले होते. ओले लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखे मऊ होते. त्याच्या पेशींत पाणीच उरलेले असते. ते उडून गेले की पेशी चेपतात, फळी आकसते, पिळवटते. म्हणून नावेवर सतत पाणी मारले, आतून-बाहेरून पॉलियुरेथेन फेसाचे वेष्टन चढवले आणि ती पाण्यावर तरंगवत गिनोसारला नेली. तिथे वर्षानुवर्षे टाकीत बुडवून पाण्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे द्रव्य मुरवले. आता ती तेथील यिगाल अलोन केंद्र या संग्रहालयात आहे.