इंडी पॉप जोडी

मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार न करता दोघांनीच गाणी रचून, मुद्रित करून प्रसिद्ध करण्याची पद्धत. इंडी पॉप हे नाव १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुळले, ‘एन.एम.ई.’ साप्ताहिकाने १९८६ मध्ये काढलेली ‘सी८६’ ही कॅसेट हा त्यातला ठळक टप्पा. आपल्याकडचा १९९० च्या दशकातला इंडिपॉप वेगळा. तो कंपन्यांनी आणि संगीत वाहिन्यांनी वाढवला. आजच्या भारतीय जोड्यांत कोलकात्याची पारेख अँड सिंग ठळक आहे. मराठीला जोडी नवी नाही : होनाजी शिलारखाने लावण्या रचत, बाळा करंजकर गात, आणि लोक दोघांना मिळून ‘होनाजी बाळा’ म्हणत.

अशी जोडी कोल्हापुरात कशी चालते ते पाहू. शहराची ख्याती शास्त्रीय गाण्याची. गायन समाज देवल क्लब १८८३ चा. अल्लादियाखाँ इथलेच दरबार गायक. पॉप करणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा घरातली खोली येते. तिथे दोघेच असणे सोयीचे पडते. ड्रम लॅपटॉपवर वाजतात, तालमीला हॉल लागत नाही, पुण्याचा सुमारे २३० किलोमीटरचा प्रवास एसटीनेही निभतो. घुमारा मारायला भिंतीला गाद्या टेकवायच्या आणि रस्ता शांत झाला की गळा मुद्रित करायचा. गणपतीत मात्र डॉल्बीपुढे माइक बंद ठेवलेलाच बरा.

खरी गुंतागुंत हक्कांची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीत शब्द धरलेले नाहीत. एकीने शब्द लिहिले आणि दुसऱ्याने चाल बांधली, तर त्या दोन स्वतंत्र कृती ठरतात. दोघांचा वाटा वेगळा काढता येत नसेल, तरच ती संयुक्त कृती. तिचा हक्क मागे राहिलेल्या सहलेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे खर्च कोणी केला हेही लिहून ठेवावे लागते. गाणे बाहेर पडण्याआधीच वाट्यांचा कागद, ज्याला ‘स्प्लिट शीट’ म्हणतात, सह्या करून ठेवलेला बरा. मैत्रीत हा विषय काढायला जड जाते, पण त्याला पर्याय नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. तिथे दोघांनी वेगवेगळे सभासद व्हावे लागते.

प्रत्यक्ष कार्यक्रमांसाठी कॉलेजची गॅदरिंग, कॅफे आणि दसरा चौकातले शाहू स्मारक भवन. शाहू महाराजांनी बांधलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळाले, तेव्हा शहराने आपले मोठे रंगमंदिर गमावले.

स्ट्रीमिंगवर गाणे वितरकामार्फत चढते आणि प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो. जोडी फुटली तरी त्या क्रमांकावर पैसे येतच राहतात. वितरकाचे खाते मात्र अनेकदा एकाच्याच ईमेलवर उघडलेले असते. भांडण जुंपते ते पासवर्डवरून.