कॉलेजच्या ग्रंथालयातली झेरॉक्स: कायदा कुठून आला?

सिरोंच्याहून गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ सुमारे २०० किलोमीटर. धारणीच्या पोराला अमरावती गाठायची तर आधी मेळघाट ओलांडावा लागतो. संदर्भग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि वाचणारे तालुक्याच्या कॉलेजात. मधला दुवा म्हणजे सरांनी आणलेली दोन-चार प्रकरणे आणि एस.टी. स्टँडजवळचे झेरॉक्सचे दुकान. आता त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफची भर पडली आहे. या व्यवहाराला कायद्याचा आधार आहे, आणि तो बराच जुना आहे.

इंग्रजांच्या काळात इथे १९१४ चा कायदा होता, तो ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला. स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये आपला कॉपीराइट कायदा केला. त्याच्या कलम ५२ ने शिक्षक आणि विद्यार्थ्याला शिकवण्या-शिकण्याच्या ओघात मजकुराची प्रत काढायची मोकळीक दिली. ब्रिटनने १९५६ मध्ये अशीच सवलत देताना मेख मारून ठेवली होती: प्रती काढायचे यंत्र वापरायचे नाही. आपल्या संसदेने ही अट घेतलीच नाही. तेव्हा कॉलेजांत फार तर सायक्लोस्टाइल असायचे, त्यामुळे फरक कुणाला जाणवला नसेल. पण पुढची सगळी लढाई या न घातलेल्या अटीच्या जोरावर उभी राहिली, असे मला वाटते.

मधल्या काळात कॉपीराइटची मुदत वाढली. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याचे हक्क संपत आले, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने लेखकाच्या मृत्यूनंतरची ५० वर्षे ६० झाली. म्हणून साने गुरुजींचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. १९६८ मध्ये निधन झालेल्या तुकडोजी महाराजांच्या लेखनाची कायदेशीर मुदत मात्र २०२८ अखेरपर्यंत चालते.

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. अभ्यासक्रमातली प्रकरणे एकत्र बांधून विकणे म्हणजे चोरी, असे त्यांचे म्हणणे. ऑक्टोबरात दुकानावर मनाई आली. सप्टेंबर २०१६ मध्ये न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला आणि शिकवणे म्हणजे फक्त तासाला बोलणे नव्हे, हे मान्य केले. डिसेंबरात न्या. प्रदीप नंदराजोग यांच्या खंडपीठाने पानांची टक्केवारी ठरवायला नकार दिला. शिकवण्यासाठी जेवढे लागते तेवढे, हीच कसोटी ठेवली. अमुक मजकूर खरेच लागत होता का, हे पुराव्यावर तपासायचे राहिले होते. पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरणात हात घालायचे नाकारले. निकाल दिल्लीचा असल्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठावर तो बंधनकारक नाही, वजनदार मात्र आहे. आणि तो कागदावरच्या प्रतींबद्दल आहे. हजार जणांच्या ग्रुपवर अख्खे पुस्तक टाकणाऱ्याने त्याचा हवाला देऊ नये.

ग्रंथपालांसाठीची कलमे वेगळी आणि बरीच आखूड. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढता येतात. २०१२ च्या दुरुस्तीने, छापील प्रत आधीच कपाटात असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवायचीही मुभा मिळाली. ही सवलत नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांना आहे. एखाद्या संस्थेच्या कॉलेजचे ग्रंथालय ‘सार्वजनिक’ ठरते का, हा वाद घालायला जागा उरतेच.

खरी मेख इथे आहे: सवलतीत कुणाला मोजायचे? जुलै २०२१ मध्ये संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने कलम ५२ ची शैक्षणिक सवलत सरकारी मालकीच्या संस्थांपुरती ठेवावी, अशी शिफारस केली. ती कायद्यात उतरली नाही. उतरली असती तर विदर्भाच्या खेड्यापाड्यांतली बहुतेक महाविद्यालये बाहेर पडली असती. ती खासगी शिक्षण संस्थांची आहेत, सरकार अनुदान देते, मालकी घेत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना, तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची आणि सुमारे १३,००० संशोधन नियतकालिके वाचायला देणारी, हीसुद्धा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठीच आखली गेली.