खोली बघायला रात्री आठनंतर जा
पुण्यात शिकायला येणारे विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसाठी

आम्ही विद्यार्थ्यांना खोल्या शोधून देतो. जून-जुलैमध्ये आमच्याकडे येणारे बहुतेक पालक सकाळच्या एसटीनं उतरतात, दुपारी तीन खोल्या बघतात, एकीचं टोकन देतात आणि संध्याकाळची गाडी पकडतात. घाई समजते. पण दुपारी बारा वाजता कुठलीही खोली चांगलीच दिसते. मुलं बाहेर गेलेली असतात, नळाला पाणी असतं, जिन्यात उजेड असतो. त्याच खोलीत रात्री आठला जा. चार कॉट सांगितलेत तिथे चारच जण झोपतात की खाली गाद्याही पडतात, संडासापुढे किती जण उभे आहेत, जिन्यातला दिवा लागतो का, हे तेव्हाच दिसतं. तिथल्या मुलांना एकच विचारा: गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं तेव्हा काय करता? उत्तर द्यायच्या आधी ती एकमेकांकडे बघून हसली, तर समजून जा.

जागा कुठे घ्यावी

विद्यापीठात प्रवेश असेल तर आधी वसतिगृहाचा अर्ज भरा. आमचा धंदा बुडाला तरी चालेल. तितकं स्वस्त आणि जवळ दुसरं काही मिळणार नाही. अडचण एवढीच, की जागा कमी आणि यादी लागेपर्यंत तासिका सुरू होतात. तेवढ्या काळापुरती महिन्याच्या बोलीवर कॉट, म्हणजे सामायिक खोलीतली एका जणाची जागा, घ्या; अकरा महिन्यांच्या करारात अडकू नका.

जाहिरातीतल्या ‘विद्यापीठापासून पाच मिनिटं’ या शब्दांवर जाऊ नका. आवार ४११ एकरांचं आहे. पाच मिनिटांत फाटक येईल, विभाग नाही. म्हणून आम्ही आधी विभाग विचारतो, मग गणेशखिंडीकडची जागा दाखवायची की खडकीकडची ते ठरवतो.

फर्ग्युसन किंवा गरवारेला असाल तर डेक्कन आणि पेठा. सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांमुळे मेस, अभ्यासिका, झेरॉक्स सगळं पायाशी आहे. त्याच कारणानं रिकामी कॉट दोन दिवसही टिकत नाही. जुन्या वाड्यात खोली असेल तर वायरिंग बघून घ्या. आणि गणपतीच्या दहा दिवसांत तिथे अभ्यास होईल, अशी आशा बाळगू नका.

भाडं नको, महिना विचारा

लातूरच्या एका मुलानं आमचं न ऐकता ४,५०० ची कॉट घेतली. शेजारच्या गल्लीत ५,५०० ची होती. पहिलीकडे लाइट बिल वेगळं, तेही सबमीटरवर मालक लावेल त्या दरानं. गरम पाणी बादलीमागे पैसे देऊन. मेस लांब, म्हणून पेट्रोल. दुसरीकडे हे सगळं भाड्यातच होतं आणि मेस खालीच. दिवाळीत हिशेब मांडला तर स्वस्तातली कॉट महिन्याला सातशे रुपयांनी महाग पडत होती. आता तो दुसऱ्या गल्लीत राहतो.

मेस लावताना ‘खाडा धरता का?’, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करता का, हे आधी विचारा. गावी गेल्यावर सलग किती दिवसांचा खाडा वजा होतो आणि आधी सांगावं लागतं का, हे प्रत्येक मेसवाल्याचं वेगळं असतं. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात, तो खर्चही धरा.

करार आणि डिपॉझिट

फ्लॅट मिळून घेणार असाल तर हे नीट वाचा. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. खर्चही फार नसतो. भाडं १८,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क साधारण पाचशे रुपये आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटाची फी वेगळी. यापेक्षा बराच मोठा आकडा सांगितला तर पावती मागा. आमच्याकडेही मागा.

कॉट बेसिसवर असा करार सहसा कुणी करत नाही. निदान डिपॉझिटची पावती घ्या आणि तिच्यावर दोन गोष्टी लिहून घ्या: सोडताना किती दिवस आधी सांगायचं आणि रंगाचे पैसे कापणार का. सामान लावायच्या आधी भिंती, गादी, नळ यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. काकू कितीही प्रेमळ असल्या तरी पाठवा. भांडणं खोली सोडतानाच होतात.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना आहे. तिच्या अर्जासाठी भाड्याचे कागद जपून ठेवा.

आमचं काम

आमची फी कॉटसाठी अर्ध्या महिन्याचं भाडं, फ्लॅटसाठी एका महिन्याचं. जागा दाखवण्याचे पैसे नाहीत. पहिल्या पंधरा दिवसांत जागा पटली नाही तर दुसरी दाखवू, फी पुन्हा घेणार नाही. ऑफिस रात्री नऊपर्यंत उघडं असतं. कारण वर लिहिलंच आहे.