सांडपाण्यासाठी गिट्टीचा वाफा: ग्रामपंचायतीने प्रस्ताव कसा करावा

घरोघर नळ आले, तशा विदर्भातल्या गावांमधल्या नाल्या बारमाही वाहू लागल्या. माणशी रोज 55 लिटर हे जलजीवन मिशनचं प्रमाण. 2000 वस्तीच्या गावात म्हणजे 1 लाख 10 हजार लिटर पाणी, आणि त्यातलं बरंचसं पुन्हा नालीतच जातं. उपाय म्हणून सगळे शोषखड्डा सांगतात. पण कपाशीच्या काळ्या जमिनीत ओल मुरली की माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा तुंबतो. अशा गावांनी कर्दळ, पाणकणीस लावलेल्या गिट्टीच्या वाफ्याचाच प्रस्ताव करावा.

नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) हे तंत्र ‘फायटोरिड’ नावाने विकसित केलं आहे. युरोपीय संघ आणि आपला विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्या मदतीने झालेल्या ‘नावाटेक’ या संयुक्त संशोधनात नागपूरच्या दयानंद पार्कात अशाच वाफ्यांतून शुद्ध झालेलं पाणी बागेला दिलं गेलं. आधी टाकीत गाळ बसतो. मग पाणी गिट्टीच्या आतून, वर न दिसता, सावकाश सरकतं आणि मुळांवरचे, दगडांवरचे जिवाणू घाण खाऊन टाकतात. जागेला उतार असेल तर पंपही लागत नाही.

असे परदेशी सहकार्याचे प्रकल्प संशोधन संस्था आणि विद्यापीठं मिळवतात. ग्रामपंचायतीची वाट वेगळी: स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण), टप्पा 2. यात अशा सामूहिक कामाचा प्रस्ताव ग्रामपंचायतच करते, एकट्या कुटुंबाला करता येत नाही. टप्पा 2 च्या निकषांत सांडपाण्यासाठी 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी 280 रुपये, त्याहून मोठ्या गावाला 660 रुपयांपर्यंत ठरले. त्यातला 30 टक्के वाटा 15व्या वित्त आयोगाच्या (मुदत 2025-26 पर्यंत) निधीतून घालायचा, असं त्यात ठरलं होतं. म्हणजे 2000 च्या गावाचे 5 लाख 60 हजार, पैकी 1 लाख 68 हजार वित्त आयोगाचे.

आधी ग्रामसभेत गावाचा कृती आराखडा मंजूर करून घ्या. मग अभियंत्याला जागेवर आणून उतार मोजा, अंदाजपत्रक करा. प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडे जातो. तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळाल्याशिवाय काम सुरू करू नका.

सोबत ग्रामसभेचा ठराव, नकाशा, नाली जिथे संपते तिथले फोटो, अंदाजपत्रक आणि जागेचा सातबारा किंवा नमुना 8 जोडा. गाडी अडते ती बहुधा जागेवर. ई-क्लास (सरकारी गायरान) जमीन असेल तर महसूल खात्याची परवानगी आधी मागा. कुणी शेतकरी जागा देत असेल तर तोंडी शब्दावर राहू नका, दानपत्र नोंदवून घ्या.

ठरावात आणखी एक ओळ हवीच: टाकीतला गाळ कोण काढणार, जाळीत अडकलेलं प्लास्टिक आणि केस रोज कोण उचलणार, आणि त्याची मजुरी कुठल्या खात्यातून. ही ओळ नसली तर वाफा बांधून होतो आणि गिट्टी चोंदून बंद पडतो.

चालू वर्षाचा निधी आणि दर पंचायत समितीत विचारून मगच आकडे भरा.