चेरी काउंटी, नेब्रास्का

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील सर्वांत मोठी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. राज्याच्या उत्तर सीमेवर वसलेली. क्षेत्रफळ सुमारे १५,५६० चौ. किमी., म्हणजे जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या मात्र ५,४५५. त्यांतले जवळपास निम्मे लोक व्हॅलेंटाइन या मुख्य ठिकाणी राहतात. काउंटी इतकी लांबरुंद आहे की पूर्वेकडच्या भागातले घड्याळ पश्चिमेकडच्या घड्याळाच्या एक तास पुढे असते. १८८३ मध्ये तिची स्थापना झाली. त्याआधी दोन वर्षे मारला गेलेला नायोब्रारा किल्ल्यावरचा लष्करी अधिकारी सॅम्युएल चेरी याचे नाव तिला मिळाले.

काउंटीचा बहुतेक भाग ‘सँडहिल्स’ या वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला आहे. वाळवंट म्हणावे, तर टेकड्या गवताने हिरव्यागार. आणि त्या गवताच्या मुळांनीच वाळू जागच्या जागी धरून ठेवली आहे. गवताचा पापुद्रा कुठे फाटला, की वारा तिथली वाळू उडवत मोठा खळगा पाडतो. म्हणून तो फाटू न देणे हेच इथल्या पशुपालकाचे खरे कौशल्य. अशा खळग्यांत जुने टायर टाकून वाळू अडवण्याची रीतही इथे आहे. पाऊस वाळूत लगेच मुरतो आणि खालच्या विशाल ओगलाला भूजलसाठ्यात जातो. टेकड्यांमधल्या सखल जागी तेच पाणी वर येते. त्यातून तळी होतात आणि ओल्या कुरणांतून गुरांना हिवाळ्यात घालायचे गवत मिळते. काउंटीच्या उत्तर भागातून वाहणाऱ्या नायोब्रारा नदीच्या खोऱ्यात पश्चिमेचे पाइन, पूर्वेचे पानझडी वृक्ष आणि उत्तरेचे बर्च एकत्र भेटतात.

हा मुलूख लाकोटा या मूळ अमेरिकी लोकांचा. साउथ डकोटाच्या हद्दीपलीकडे त्यांचे रोजबड आरक्षित क्षेत्र आहे आणि त्यावर नजर ठेवण्यासाठीच १८८० मध्ये नायोब्रारा किल्ला उभारला गेला. किल्ला १९०६ मध्ये बंद झाला. आज त्या जागी बायसन, म्हणजे अमेरिकी रानगवे, सांभाळणारे अभयारण्य आहे.

१९०४ च्या किंकेड कायद्याने या भागात प्रत्येक कुटुंबाला ६४० एकर जमीन देऊ केली. नांगर चालताच वाळू मोकळी झाली, पिके हाती लागेनात, आणि बहुतेकांच्या जमिनी शेवटी मोठ्या रँचवाल्यांकडे, म्हणजे विस्तीर्ण कुरणांवर गुरे पाळणाऱ्यांकडे, गेल्या. याच कायद्यामुळे १९०७ च्या सुमारास नॉर्थ लूप नदीकाठी डेविटी ही कृष्णवर्णीयांची वस्ती वसली. त्यांनी शाळा, चर्च उभे केले आणि अशा जमिनीवर तीसेक वर्षे टिकाव धरला. नेब्रास्काच्या ग्रामीण भागात कृष्णवर्णीयांची दुसरी कोणतीच वस्ती इतकी वाढली वा टिकली नाही. काउंटीच्या इतिहासात तिला मानाचे पान मिळायला हवे.

कारभार निवडून आलेल्या आयुक्तांचे मंडळ पाहते. शेरीफ, लिपिक, खजिनदार हेही मतदारच निवडतात. रस्ते आणि शाळा मुख्यतः मालमत्ता करावर चालतात. पण सरकारी यंत्रणा इतक्या अंतरांना पुरी पडत नाही. गवताला वणवा लागला, तर पाण्याची टाकी चढवलेल्या गाड्या घेऊन धावतात ते स्वयंसेवक, म्हणजे आसपासचे रँचवालेच. वसंतात वासरांना डाग द्यायलाही शेजारी एकमेकांकडे जातात. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे.

पश्चिमेकडे कोडी हे दीडेकशे वस्तीचे गाव आहे. गावात किराणा दुकान उरले नव्हते आणि व्हॅलेंटाइन ६० किमी. दूर. तेव्हा शाळेतली मुले आणि गावकरी मिळून पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतींची इमारत उभी करू लागले. २०१३ मध्ये तिथे दुकान उघडले आणि ते चालवायला घेतले विद्यार्थ्यांनी.