इंग्लंडमधील छोट्या शहरांतील गुन्हेगारीचा दर व सुरक्षितता

एखाद्या वस्तीत ठरावीक काळात नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांच्या संख्येला तिथल्या कायम रहिवाशांच्या संख्येने भागले की गुन्हेगारीचा दर मिळतो. इंग्लंडमध्ये तो बहुधा दर हजारी सांगतात. खुनासारख्या विरळ गुन्ह्यासाठी दर लाखी किंवा दर दहा लाखी. मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमसारख्या महानगराबाबत हा आकडा बराच उपयोगी पडतो. पाच हजार किंवा तीस-चाळीस हजार वस्तीच्या शहराबाबत मात्र तो कधी विनाकारण घाबरवतो, तर कधी खोटा धीर देतो. घर घेताना, नोकरीसाठी बिऱ्हाड हलवताना, मुलांची शाळा ठरवताना असंख्य कुटुंबे याच एका आकड्यावर विसंबतात. म्हणून तो कसा तयार होतो आणि कुठे चुकतो, हे पुढे हाइड, हंगरफर्ड आणि बॉस्टन या तीन शहरांच्या आधारे पाहिले आहे.

छोटे शहर आणि त्याचा भाजक

इंग्लंडमध्ये ‘टाउन’ ठरवायला लोकसंख्येची कायदेशीर अट नाही. मध्ययुगात बाजार भरवण्याची सनद मिळालेली कित्येक गावे आजही शहर म्हणवतात, आणि १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार एखादी पॅरिश कौन्सिल (सर्वांत खालच्या पातळीवरची, ग्रामपंचायतीसारखी परिषद) नुसत्या ठरावाने टाउन कौन्सिल होऊ शकते. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाशी या शहरांची तुलना करता येईल. आसपासच्या खेड्यांचा बाजार तिथे, बँक तिथे, शाळा आणि दवाखाना तिथे, शनिवारी रात्री तरुण मंडळी जमतात तो पबही तिथेच.

दराचा भाजक चुकतो तो इथे. बाजाराला आलेल्या शेतकऱ्याची गाडी फोडली गेली किंवा शेजारच्या खेड्यातले दोघे पबबाहेर हातघाईवर आले, तर गुन्हा शहराच्या खात्यावर चढतो. ही माणसे भाजकात मात्र नसतात. लंडनमधल्या ‘सिटी’ या जुन्या व्यापारी भागात याचे टोक दिसते. तिथे राहणारे जेमतेम काही हजार, कामाला येणारे काही लाख. त्यामुळे तिथला रहिवाशांमागचा दर निरर्थक ठरतो. बाजाराच्या शहरात तीच गोष्ट लहान प्रमाणात घडते, पण ती कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरी अडचण हद्दीची. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून ४३ प्रादेशिक पोलीस दले आहेत. १९९८ च्या गुन्हेगारी व उपद्रव कायद्याने जिल्हा पातळीवर पोलीस आणि स्थानिक प्रशासन यांची संयुक्त सुरक्षा मंडळे आली, आणि अधिकृत आकडे मुख्यतः या दोन पातळ्यांवर प्रसिद्ध होतात. हंगरफर्डचे आकडे वेस्ट बर्कशर या जिल्ह्याच्या आकड्यांत मिसळतात, हाइडचे टेमसाइडच्या. तेव्हा ‘अमुक शहराचा दर’ म्हणून जे छापून येते, ते पुष्कळदा कुणीतरी छोट्या छोट्या तुकड्यांची स्वतः केलेली बेरीज असते.

मोजणीच्या दोन पद्धती

देशातली गुन्हेगारी दोन वाटांनी मोजली जाते. एक वाट सर्वेक्षणाची: १९८२ पासून घरोघरी जाऊन लोकांना विचारले जाते की गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत काय घडले. पोलिसांकडे न गेलेले गुन्हेही यात येतात. दीर्घकाळाचा कल कळायला यापेक्षा भरवशाचे साधन नाही, आणि तो कल स्पष्ट आहे. १९९५ च्या सुमारास गुन्हेगारीने शिखर गाठले आणि त्यानंतर घरफोडी, वाहनचोरी, मारहाण हे पारंपरिक गुन्हे खूपच कमी झाले. पण देशभरातून काही दशसहस्र माणसांना विचारायचे म्हटल्यावर एका छोट्या शहराच्या वाट्याला मूठभर माणसे येतात, कित्येकदा एकही नाही. शहरापुरते या सर्वेक्षणातून काहीच सांगता येत नाही.

मग उरतात पोलिसांच्या नोंदी. २०१४ च्या जानेवारीत ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने या नोंदींचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेतला. त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयाच्या तपासणीत दिसले की लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी जवळजवळ पाचातला एक नोंदलाच जात नव्हता. त्यानंतर दलांनी नोंदणी सुधारली, आणि कागदावर हिंसा झपाट्याने वाढली. त्या वर्षांतल्या एखाद्या शहराचा चढता आलेख पाहून ‘गाव बिघडले’ असे म्हणणाऱ्याने हे विसरू नये की त्या चढाचा मोठा भाग नीट लिहू लागलेल्या शिपायाच्या लेखणीतून आलेला आहे.

२०११ साली रस्त्यांनुसार गुन्हे दाखवणारा अधिकृत नकाशा सर्वांसाठी खुला झाला. पहिल्याच दिवशी एवढी गर्दी उसळली की संकेतस्थळ कोलमडले. हा नकाशा नेमकी जागा दाखवत नाही. पीडिताची ओळख उघड होऊ नये म्हणून प्रत्येक गुन्हा जवळच्या एका ठरीव बिंदूवर सरकवला जातो. सुरुवातीलाच पोर्ट्समथमधली सरी स्ट्रीट ही चिमुकली गल्ली देशातल्या सर्वांत वाईट रस्त्यांपैकी एक ठरली आणि तिथले रहिवासी चक्रावून गेले. शिवाय गोंगाट, दंगामस्ती असा समाजविघातक वर्तनाचा वर्गही या नकाशावर दिसतो. तो अधिकृत अर्थाने गुन्ह्यांत मोडत नाही, तरी घरविक्रीची अनेक पाने तो बेरजेत धरतात. ‘हिंसा व लैंगिक गुन्हे’ या एका वर्गात बलात्कारापासून मोबाइलवरच्या धमकीच्या संदेशापर्यंत सारे काही येते. जवळपास प्रत्येक शहरात हाच वर्ग सर्वांत मोठा दिसतो, तो यामुळेच. स्टेशनबाहेर अंधारात कुणी हल्ला करील ही भीती त्या आकड्यातून घेऊ नये. त्यातला मोठा वाटा ओळखीच्या माणसांतल्या छळाचा आणि घरातल्या हिंसेचा असतो.

हाइड, हंगरफर्ड, बॉस्टन

हाइड हे मँचेस्टरच्या पूर्वेला असलेले जुन्या कापडगिरण्यांचे शहर. १९७७ पासून हॅरल्ड शिपमन हा डॉक्टर इथे व्यवसाय करत होता. म्हाताऱ्या बायकांच्या घरी स्वतः जाऊन तपासणारा म्हणून त्याचे नाव होते. रुग्णांना डायमॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक टोचून तो मारत होता आणि मृत्यूचा दाखलाही स्वतःच लिहीत होता. ३१ जानेवारी २००० रोजी प्रेस्टनच्या न्यायालयाने त्याला १५ खुनांबद्दल दोषी ठरवले. पुढे न्यायाधीश जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी समितीने जुलै २००२ मध्ये २१५ बळींची निश्चिती केली. त्यांतले बहुतेक हाइडचे.

आता आकड्यांकडे पाहू. वीसेक वर्षे हे खून चालू होते, तेव्हा हाइडच्या गुन्हेगारीच्या तक्त्यात त्यांचा मागमूस नव्हता. कागदावर ते नैसर्गिक मृत्यू होते. खून ज्या वर्षी घडला त्या वर्षात धरला जात नाही, पोलीस तो नोंदतात त्या वर्षात धरला जातो. म्हणून त्यांतले १७२ खून एकदम २००२-०३ च्या खात्यावर पडले आणि इंग्लंड-वेल्सच्या त्या वर्षीच्या खुनांची संख्या हजाराच्या पलीकडे गेली. आलेख पाहणाऱ्याला त्या वर्षी उंच सुळका दिसतो, आणि सुळका दिसतो त्या काळात तर शिपमन केव्हाच तुरुंगात होता. खरे धोक्याचे दिवस सपाट रेषेखाली गाडले गेले आहेत. संशय आला होता तो आकडेवारीला नव्हे, माणसांना: वृद्ध प्रवाशांना नेणाऱ्या एका टॅक्सीचालकाला, अंत्यसंस्कार करणाऱ्यांना, शेजारच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरला. त्या डॉक्टरने मार्च १९९८ मध्ये कळवले, पोलिसांनी वरवर चौकशी करून प्रकरण मिटवले, आणि त्यानंतर आणखी तीन स्त्रिया मारल्या गेल्या. या शहराबद्दल लिहिताना दराचा विचार करणे जड जाते. बळींच्या स्मरणार्थ २००५ साली हाइडच्या उद्यानात एक शांत बाग तयार केली आहे.

हंगरफर्डची गोष्ट याच्या उलट. केनेट नदीकाठचे, तेव्हा पाचेक हजार वस्तीचे, जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी माहीत असलेले हे शहर. १९ ऑगस्ट १९८७ रोजी तिथल्याच एका २७ वर्षांच्या तरुणाने परवाना असलेल्या बंदुकांनी १६ जणांना मारले, त्यांत त्याची आई आणि एक निःशस्त्र पोलीस शिपाई होता. पहिला बळी शेजारच्या विल्टशरमधील सॅव्हरनेकच्या जंगलातला, बाकीचे हंगरफर्डमधले. अखेर शाळेच्या इमारतीत त्याने स्वतःला संपवले. त्या दिवशीच्या दुबळेपणाची यादी छोट्या शहराच्या सुरक्षिततेबद्दल कुठल्याही दरापेक्षा जास्त सांगते. स्थानिक ठाण्याचे नूतनीकरण चालू असल्याने तिथे दोनच टेलिफोन चालू होते, टेलिफोन केंद्र कॉलच्या माऱ्याने तुंबले होते, सशस्त्र पथक सुमारे ४० मैलांवर सराव करत होते आणि पोलिसांचे हेलिकॉप्टर दुरुस्तीला गेले होते.

गणित करून पाहिले तर त्या वर्षी हंगरफर्डचा खुनांचा दर लाखामागे ३०० च्या घरात जातो, देशाचा एक-सव्वाच्या आसपास होता तेव्हा. आदल्या वर्षाचा किंवा नंतरच्या वर्षांचा दर पाहून या दिवसाची कल्पना येत नाही, आणि या वर्षाच्या दरावरून हंगरफर्ड कसे आहे तेही कळत नाही. त्या दिवसाचा परिणाम कायद्यात दिसतो: १९८८ च्या दुरुस्तीने बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरिकांकडे ठेवण्यास बंदी आली.

लिंकनशरमधल्या बॉस्टनला आकड्याने वेगळ्या तऱ्हेने छळले. २०१६ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांनी ते ‘देशातले सर्वांत खुनी शहर’ म्हणून छापले. खून आणि खुनाचा प्रयत्न एकत्र धरून लाखामागे १५ असा तो दर होता. बॉस्टनच्या प्रशासकीय हद्दीत तेव्हा पासष्ट हजारांच्या आसपास माणसे राहत. म्हणजे प्रत्यक्ष घटना दहाच्या आसपास, आणि त्यांतल्या बहुतेक प्रयत्नाच्या. इतक्या लहान संख्येत दोन-चार घटना इकडच्या तिकडे झाल्या तरी शहर यादीच्या एका टोकावरून मधोमध येते. पण ते वर्ष युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सार्वमताचे होते. कोबी-फ्लॉवरच्या शेतांत राबायला पूर्व युरोपातून आलेल्या मजुरांमुळे बॉस्टन आधीच वादाच्या केंद्रस्थानी होते, आणि त्याच वर्षी तिथल्या ७५.६ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. अशा वातावरणात मथळा चिकटला तो चिकटलाच. शहरावर हा अन्याय झाला असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

रोजचे गुन्हे

खून बाजूला ठेवले, तर छोट्या शहरातल्या माणसाला प्रत्यक्ष भेटणारे गुन्हे साधे असतात: शेडमधून सायकल जाणे, गाडीची काच फुटणे, दुकानातली उचलेगिरी. २०१४ च्या कायद्याने २०० पौंडांपर्यंतच्या उचलेगिरीला किरकोळ खटल्याचा दर्जा मिळाला, आणि आता तिकडे कुणी लक्षच देत नाही ही दुकानदारांची जुनी तक्रार आहे. अलीकडे देशात वर्षाला अशा पाच लाखांहून जास्त चोऱ्यांची नोंद होते. चर्चच्या छपरावरचे शिसे काढून नेणे हा खास इंग्लिश गुन्हा. भंगारवाल्यांनी रोख पैसे देण्यावर बंदी आली ती मुख्यतः धातूंच्या चोऱ्यांमुळेच. बॉस्टनभोवतीच्या सपाट शेतांत कुत्रे सोडून ससे मारण्याच्या बेकायदा शर्यती चालतात, त्यावर सट्टा लागतो आणि पिके तुडवली जातात.

सर्वांत चिंतेचा प्रकार ‘काउंटी लाइन्स’. महानगरातल्या टोळ्या एका मोबाइल क्रमांकावर ऑर्डर घेऊन छोट्या शहरांत हेरॉइन आणि क्रॅक (कोकेनचा एक प्रकार) पोहोचवतात, त्यासाठी शाळकरी मुलांना राबवतात, आणि एकट्या राहणाऱ्या आजारी वा व्यसनी माणसाच्या घरात घुसून तेच दुकान करतात. अशा मुलांना गुन्हेगार म्हणण्याआधी पीडित म्हणावे लागते. २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याचा आधार घेऊन त्यांच्या मालकांवर खटले चालवले गेले आहेत.

सुरक्षिततेची साधने

शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरांवर नजर ठेवण्याची ‘नेबरहुड वॉच’ ही चळवळ ब्रिटनमध्ये १९८२ साली सुरू झाली ती चेशरमधल्या मॉलिंग्टन या खेड्यात. रस्त्यावर कॅमेरे लावण्यात नॉरफकमधले किंग्ज लिन पहिल्या काही शहरांपैकी होते. २००२ च्या कायद्याने मर्यादित अधिकारांचे समाज-साहाय्य अधिकारी आले, आणि छोट्या शहरात गस्तीवर दिसणारा गणवेश बहुधा त्यांचाच असतो. २०१० नंतरच्या काटकसरीत इंग्लंड-वेल्समधले सुमारे वीस हजार पोलीस कमी झाले, अनेक छोट्या शहरांतली ठाणी बंद पडली. २०२३ पर्यंत तेवढी भरती पुन्हा झाली, पण विकलेल्या इमारती परत आल्या नाहीत. तातडीसाठी ९९९ आणि बाकीसाठी १०१ हे क्रमांक आहेत. मदत किती वेळात पोहोचेल हे जवळचे चालू ठाणे किती मैलांवर आहे यावर ठरते.

खर्च वाचवायला अनेक ठिकाणी मध्यरात्रीनंतर रस्त्यावरचे दिवे बंद होतात. त्याने चोऱ्या वाढतील अशी रहिवाशांना धास्ती होती. ६२ स्थानिक प्राधिकरणांच्या आकड्यांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला तसा पुरावा मिळाला नाही. अंधारातून एकटीने घरी चालत येणाऱ्या बाईची भीती त्या अभ्यासाने कमी होत नाही, आणि ती भीतीही सुरक्षिततेच्या हिशेबात धरायला हवी.

मराठी घरांशी या विषयाचा थेट संबंध दिवाळीच्या सुमारास येतो. भारतीय कुटुंबे सोने घरी ठेवतात हे चोरांना ठाऊक असते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अनेक पोलीस दले दक्षिण आशियाई कुटुंबांना खास सूचना देतात: दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, प्रत्येक दागिन्याचा फोटो काढून ठेवा, समारंभाला जाताना घरात दिवा लावून जा. इंग्लंडच्या छोट्या शहरांतल्या रुग्णालयांत डॉक्टर आणि नर्स म्हणून गेलेल्या मराठी मंडळींनी घर ठरवताना निदान तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहावेत, घरफोडीचा आकडा वेगळा काढावा, आणि शुक्रवारी रात्री साडेदहाला त्या रस्त्याने एकदा चालून यावे.